एमएच ३५ : जन्म नोंदवणारी, मृत्यू विसरणारी वही

देशात १९५१ साली सुमारे ३ लाख मोटार वाहने नोंदलेली होती. २०११ साली हा आकडा १४ कोटींवर गेला. रस्ते, कर, इंधन, प्रदूषण यांविषयीची धोरणे याच आकड्यांच्या आधारे आखली जातात. पण या आकड्यांत रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या नेमक्या किती?

वाहनांना पाटी सक्तीची करण्याचा मान १८९३ च्या पॅरिसकडे जातो. अपघात करून पसार होणारा चालक सापडावा, एवढाच तेव्हाचा हेतू. भारतात १९१४ व १९३९ च्या कायद्यांनी नोंदणीची घडी बसवली. ओळखीसाठी जन्मलेली वही हळूहळू कराची आणि मोजणीची वही झाली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. हा जिल्हा १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्या राज्याचा १९५८ चा मोटार वाहन कर कायदा त्यालाही लागू झाला. महाराष्ट्रातील वाहनकराचा पाया आजही तोच कायदा आहे.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. प्रत्येक राज्याने वाहनांची नोंदवही ठेवावी, हे त्याच्या ६३ व्या कलमाने बंधनकारक केले. १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. आज भंडाऱ्याचा संकेतांक ३६, गोंदियाचा ३५.

खरी मेख ५५ व्या कलमात आहे. गाडी नष्ट झाली वा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत कळवावे, असे ते सांगते. नवी गाडी नोंदणीवाचून रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून जन्माची नोंद होते. भंगारात गेलेल्या गाडीसाठी कार्यालयाची पायरी कोण चढणार? परिणामी एकूण नोंदणीच्या आकड्यात मोडीत निघालेल्या गाड्याही वर्षानुवर्षे 'धावत' राहतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते, तेव्हा कुठे शासनाला चाळणी लावता येते. 'वाहन' या संगणकीय प्रणालीने राज्याराज्यांच्या वह्या एकत्र आणल्या, तरी न कळवलेला मृत्यू संगणकालाही कळत नाही.

गोंदियात याच्या उलट गफलतही संभवते. बाघ नदीपलीकडे बालाघाट, पूर्वेला राजनांदगाव. 'एमपी ५०' आणि 'सीजी ०८' पाट्यांच्या गाड्या बाजारहाटासाठी, दवाखान्यासाठी रोज सीमा ओलांडतात. देवरीवरून छत्तीसगडकडे जाणाऱ्या, पूर्वीच्या ६ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावरील मालमोटारी तर कुठल्या कुठल्या राज्यांच्या! रस्ता झिजतो गोंदियाचा. 'एमएच ३५'च्या वहीत मात्र त्यांतील एकीचाही मागमूस नसतो. म्हणून रस्त्याची रुंदी ठरवताना अभियंत्यांना नोंदवही मिटून, रस्त्याकडेला बसून, येणारी-जाणारी वाहने मोजावी लागतात.