धुळ्याची टेहळणी : लळिंगचा किल्ला

धुळ्यापासून दक्षिणेला नऊ-दहा किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला अगदी खेटून लळिंगचा किल्ला उभा आहे. धुळे शहर उंचावरून पाहायचे तर आजही याच डोंगरावर चढावे लागते. माथ्यावर तटाचे अवशेष आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. उत्तरेला पांझरेकाठचे शहर दिसते, तर दक्षिणेला मालेगावकडे जाणारी वाट. दख्खनेतून खानदेशात येणारी ही वाट राखणे हेच किल्ल्याचे मूळ काम.

1370 मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकी याला तापीकाठच्या थाळनेरचा मुलूख दिला. मलिक राजा 1399 मध्ये वारला तेव्हा थाळनेर धाकट्या मुलाकडे, तर लळिंग थोरल्या नासिरखानाकडे होते. पुढे नासिरखानाने असीरगड मिळवला, बऱ्हाणपूर वसवले, थाळनेरही ताब्यात घेतले. लळिंग मागे पडले ते यामुळे. तरी अखेरीस नासिरखानाला आसरा दिला तो याच डोंगराने. बहामनी सुलतान अलाउद्दीन अहमद याला दिलेली आपली मुलगी सासरी उपेक्षित असल्याची तक्रार आली आणि नासिरखानाने वऱ्हाडावर चाल केली. बहामनी सरदार मलिक-उत-तुज्जार याने त्याला रोहिणखेडजवळ हरवले, बऱ्हाणपूर लुटले आणि तो लळिंगपर्यंत पाठलाग करत आला. 1437 मध्ये नासिरखान मरण पावला.

मराठेशाहीत लळिंग आणि धुळ्याच्या उत्तरेचे सोनगीर या दोन नावांनी परगणे ओळखले जात. दोन्ही किल्ले एकाच रस्त्यावरचे, धुळे त्यांच्या मध्ये. 1803 च्या दुष्काळात धुळे ओस पडले. पुढच्याच वर्षी मराठा सरदार विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले. सोनगीर-लळिंगचा कारभारही त्यांच्याकडे आला. किल्ल्याखालच्या गावाचे भाग्य किल्ल्यावरून ठरायचे, ते दिवस इथेच उलटले म्हणायचे!

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला मुख्य ठाणे केले आणि नवी पेठ सरळ रेषांत आखली. ‘गल्ली नंबर चार’ यासारखे पत्ते धुळेकर अजूनही सांगतात. ठाणे खाली सपाटीवर आल्यावर वर पहाऱ्याची गरज उरली नाही.

डोंगराकडे माणसे वळायची मात्र थांबली नाहीत. लळिंगच्या कुरणात उंचावर लांडोर बंगला आहे. जुलै 1937 मध्ये एका खटल्यासाठी धुळ्याला आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे मुक्कामाला होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी 31 जुलैला बंगल्यावर भीमअनुयायांची यात्रा भरते. पावसाळ्यात धबधबा पाहायला येणारे धुळेकर निराळेच. किल्ल्यावर चढणारे त्या मानाने थोडे. त्यांना वरून तीच वाट दिसते, फक्त आता ती चौपदरी झाली आहे.