जुन्या लाकडाचे फर्निचर : आधी लाकडाची ओळख, मग सौदा

चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत यंत्रे व सुटे भाग लाकडी खोक्यांतून आणि पॅलेटवरून येतात. माल उतरला की यातील बरेचसे लाकूड भंगारात जाते. दुसरीकडे, पुण्याच्या पेठांतील जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब आणि दारांच्या चौकटी विक्रीला येतात. या दोन्ही प्रकारच्या लाकडापासून मापाप्रमाणे, हाताने घडविलेले टेबल, पलंग किंवा पुस्तकांचे कपाट करून घेण्याकडे अनेक कुटुंबांचा कल असतो. मात्र ‘जुने लाकूड’ हे एकच नाव असले, तरी या दोन लाकडांची जात, टिकाऊपणा आणि किंमत यांत मोठा फरक असतो. ग्राहकाची फसगत होण्याची शक्यता येथेच अधिक असते.

खोक्यांचे लाकूड

परदेशांतून येणारी खोकी व पॅलेट बहुधा पाईन किंवा तत्सम मऊ लाकडाची असतात. लाकडाबरोबर कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये यासाठी ‘आयएसपीएम १५’ हे आंतरराष्ट्रीय मानक २००२ मध्ये स्वीकारण्यात आले. त्यानुसार प्रक्रिया केलेल्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाचा संकेत आणि प्रक्रियेची रोमन अक्षरे असलेला शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया. यात लाकडाच्या गाभ्याचे तापमान किमान ३० मिनिटे ५६ अंश सेल्सिअस ठेवले जाते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. हा वायू कालांतराने निघून जात असला, तरी पाळणा, लहान मुलांचा पलंग किंवा जेवणाचे टेबल यांसाठी असे लाकूड टाळणेच श्रेयस्कर.

‘एचटी’ शिक्का हा लाकूड पूर्ण वाळल्याचा पुरावा नाही. नंतर वाळवी लागणार नाही, याचीही ती हमी नव्हे. तेलाचे वा रसायनाचे डाग असलेल्या फळ्या रंधा मारून स्वच्छ दिसू लागल्या, तरी घरात घेऊ नयेत. काही पॅलेट भाडेतत्त्वावर फिरतात आणि त्यांची मालकी पुरवठादार कंपनीकडेच राहते. अशा पॅलेटचे लाकूड कमी दरात मिळत असेल, तर ते कोठून आले याची चौकशी करावी.

वाड्याचे सागवान

शनिवारवाड्याच्या बांधकामासाठी सागवान जुन्नरच्या जंगलातून, तर दगड चिंचवडच्या खाणीतून आणल्याचे सांगितले जाते. वाड्यांच्या बांधणीत तुळया, खांब आणि कडीपाट यांसाठी चांगले लाकूड मोठ्या प्रमाणावर वापरले जाई. अनेक दशके वाळलेले असे सागवान सहसा वाकत नाही. त्यामुळेच त्याला भाव अधिक, आणि त्याच्या नावाखाली दुसरे लाकूड रंग देऊन खपविण्याचा मोहही अधिक.

ओळखण्याचा साधा मार्ग म्हणजे लाकूड आपल्यासमोर थोडेसे कापून घेणे. सागवानाचा ताजा काप किंचित तेलकट लागतो आणि त्याला कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो. जुन्या खिळ्यांची छिद्रेही पाहावीत. लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने छिद्राभोवती काळा डाग पडतो व तो आतवर उतरलेला असतो. वरवर फासलेला काळेपणा रंधा मारताच निघून जातो.

जुन्या रंगविलेल्या दारे-खिडक्यांबाबत विशेष दक्षता हवी. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे अधिक असू शकते. असा रंग घरात, विशेषतः मुलांच्या आसपास, कोरडा घासू देऊ नये.

मोजमाप आणि बांधणी

लाकडाचा दर घनफुटावर ठरतो. लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला १४४ ने भागावे. ८ फूट लांब, ६ इंच रुंद आणि ३ इंच जाड तुकडा बरोबर १ घनफूट भरतो. जुन्या लाकडात खिळ्यांचा, कुजलेला व चिरलेला भाग काढून टाकावा लागतो, त्यामुळे घट जास्त येते. मोजमाप रंधा मारण्यापूर्वीचे की नंतरचे, हे आधीच ठरवून घ्यावे.

घरातील फर्निचरसाठी लाकडातील ओलावा साधारण ८ ते १२ टक्के असावा. तो मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. पावसाळ्यात लाकूड लांबीपेक्षा रुंदीत अधिक फुगते. त्यामुळे टेबलाचा रुंद पृष्ठभाग सांगाड्याला सर्व बाजूंनी घट्ट चिकटविल्यास तो चिरतो. हालचालीला वाव ठेवूनच बसवावा लागतो. भार पेलणारे सांधे नुसत्या खिळ्यांवर न सोडता, एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून केलेले असावेत.

व्यवहार लेखीच हवा

चिखलीजवळील कुदळवाडी हा या परिसरातील भंगार मालाचा मोठा पट्टा होता. पिंपरी-चिंचवड महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे कारवाई करून चार हजारांहून अधिक अनधिकृत बांधकामे पाडली. त्यामुळे अनेक व्यावसायिकांना जागा सोडावी लागली. ऐकीव पत्त्यावर विसंबून आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कारागिराची सध्याची कार्यशाळा प्रत्यक्ष पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

मागणीपत्रात लाकडाची जात, ते कोठून आले, मापे, सांध्यांचा प्रकार, पॉलिश आणि पोहोच देण्याची तारीख नमूद करावी. पाठीमागच्या फळीसाठी व खणांच्या तळासाठी प्लायवूड वापरणार असल्यास तेही लिहून घ्यावे. निवडलेल्या लाकडावर खूण करून छायाचित्र काढावे. रक्कम तीन टप्प्यांत द्यावी : लाकूड निवडल्यावर, सांगाडा उभा राहिल्यावर आणि घरी पोहोचल्यावर. पॉलिशपूर्वी एकदा पाहणी अवश्य करावी, कारण पॉलिश झाल्यावर लाकडातील जोडकाम व भरलेल्या भेगा झाकल्या जातात.

पावती मात्र न विसरता घ्यावी. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. ‘सागवान’ हा शब्द पावतीवर असेल, तरच तो तेथे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.