घरगुती इंटरनेट वेग : मापन व सुधारणा (रिठद परिसर)

घरातील मोबाइल, संगणक किंवा टीव्ही आणि इंटरनेटवरील दूरचा संगणक यांच्यात एका सेकंदात वाहून नेल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण. व्यवहारात याला ‘नेटचा स्पीड’ म्हणतात. ही माहिती घरातील वायफाय, राउटर, घरापर्यंतची तार, गावातील जोडबिंदू, तालुक्याचे केंद्र आणि पुढे महानगरातील सर्व्हर अशा टप्प्यांतून जाते. चाचणीत दिसणारा आकडा त्यांपैकी सर्वांत अरुंद टप्प्याचा असतो. तो टप्पा ओळखल्याशिवाय प्लॅन वाढवला किंवा राउटर बदलला, तर खर्च वाया जाण्याची शक्यता अधिक.

स्थान : रिठद हे वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील गाव. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा असून २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. रिठदहून मुंबई सरळ रेषेत साधारण साडेचारशे किमी. काचतंतूत प्रकाशाला एक किमी जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. त्यामुळे मुंबईतील सर्व्हरशी जाऊन-येऊन किमान साडेचार मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्ष तार वळणावळणाने जात असल्याने हा काळ त्याहून बराच जास्त असतो आणि कोणताही प्लॅन घेऊन तो किमान मर्यादेखाली येत नाही.

एकके : वेग मेगाबिट प्रतिसेकंदात (एमबीपीएस) सांगतात, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. वेग फसवा असल्याच्या अनेक तक्रारींचे मूळ या फरकात असते. उतरवण्याचा (डाउनलोड) व चढवण्याचा (अपलोड) वेग वेगळा मोजतात. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कागदपत्रे चढवणे किंवा व्हिडिओ कॉलवर आपले चित्र पाठवणे ही कामे दुसऱ्यावर अवलंबून असतात. विलंब म्हणजेच पिंग हे तिसरे माप, तर विलंबातील चढउतार व गळालेले संदेश ही त्यापुढची मापे.

धोरणाचा आढावा : भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी किमान वेग २००४ मध्ये २५६ किलोबिट, २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट प्रतिसेकंद ठरला. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने प्रत्येक नागरिकाला ५० मेगाबिटचे उद्दिष्ट ठेवले होते. व्याख्या व उद्दिष्ट यांतील हे अंतर लक्षात घ्यावे. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तिचेच पुढे भारतनेट झाले. योजना राबवणारी कंपनी भारत संचार निगममध्ये विलीन करण्याचा निर्णय जुलै २०२२ मध्ये झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात एका रेषेत टाकलेल्या तारेऐवजी वलयाकार जाळ्यावर भर आहे, जेणेकरून एका जागी तार तुटली तरी वाहतूक दुसऱ्या बाजूने वळेल. ‘सेवासज्ज’ नोंदलेली प्रत्येक ग्रामपंचायत प्रत्यक्ष चालू मानावी का, याबाबत मतभेद आहेत.

मापन : ओकला कंपनीचे स्पीडटेस्ट (२००६), नेटफ्लिक्सचे फास्ट (२०१६), मेझरमेंट लॅबची चाचणी आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे (ट्राय) मायस्पीड अ‍ॅप (२०१६) ही साधने प्रचलित आहेत. त्यांचे आकडे जुळत नाहीत, कारण मोजण्याची रीत वेगळी आहे. स्पीडटेस्ट सहसा जवळच्या सर्व्हरशी एकाच वेळी अनेक प्रवाह जोडते. तो सर्व्हर कंपनीच्याच जाळ्यात असल्यास तिच्या जाळ्याबाहेरची कोंडी दिसत नाही. मेझरमेंट लॅब एकच प्रवाह वापरते आणि तिचा आकडा बहुधा कमी येतो. फास्ट नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजते.

विश्वासार्ह नोंदीसाठी संगणक लॅन केबलने थेट राउटरला जोडावा, इतर उपकरणे बंद ठेवावीत, सर्व्हर दरवेळी तोच निवडावा आणि पहाटे, दुपारी व रात्री आठ ते दहा अशा तीन वेळा काही दिवस मोजावे. नंतर हीच चाचणी वायफायवर करावी. तारेवर पूर्ण व वायफायवर कमी आकडा आला, तर दोष घरात आहे. दोन्हीकडे सारखाच कमी असेल, तर तो राउटरच्या पलीकडे किंवा प्लॅनमध्ये असू शकतो. पहाटे पूर्ण व रात्री निम्मा आल्यास पुढील वाटणीची कोंडी संभवते. आकडा नेमका ९४-९५ वर अडकत असेल, तर राउटरचा, संगणकाचा पोर्ट किंवा केबल १०० मेगाबिटची आहे का, हे आधी पाहावे.

प्रकाशतंतू जोडणी : गावातील फायबर जोडणी सामान्यतः जीपॉन पद्धतीची असते. केंद्रातून निघालेला एक तंतू विभाजकाने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. उतरत्या दिशेची एकूण क्षमता २,४८८ व चढत्या दिशेची १,२४४ मेगाबिट. ३२ घरे एकाच क्षणी पूर्ण वापर करू लागली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७८ मेगाबिट येतात. तसे क्वचितच होते. अधिक वेळा कोंडी केंद्राला बाहेरून मिळणाऱ्या जोडणीत असते. ग्रामपंचायतीला मिळणारे १०० मेगाबिट वीस घरांनी एकाच वेळी वापरल्यास प्रत्येकी पाचच उरतात.

उतरणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर व चढणारा १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. घरच्या पेटीला (ओएनटी) पोचणारी प्रकाशशक्ती साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमदरम्यान हवी. हा आकडा पेटीच्या व्यवस्थापन पानावर दिसतो. अंदाज असा काढतात : केंद्रातून अधिक ३ डीबीएम निघाले, ३२ वाटांच्या विभाजकात साडेसतरा डेसिबल गेले, दहा किमी तंतूत साडेतीन आणि जोड व कनेक्टर मिळून दीड. घरी उणे साडेएकोणीस पोचते, म्हणजे पुरेशी शिल्लक राहते. प्रत्यक्ष वाचन उणे २६-२७ असेल, तर मार्गात दोष आहे : घाण कनेक्टर, दारात दाबलेली किंवा खिळ्याभोवती घट्ट वळवलेली पॅचकॉर्ड, खांबावरचा घाईत केलेला जोड. तांब्याच्या तारेवर अंतराबरोबर वेग हळूहळू घटतो. फायबरवर तसे होत नाही. शक्ती मर्यादेत असेपर्यंत वेग पूर्ण राहतो, मर्यादेजवळ चुका वाढतात आणि नंतर जोडणी तुटते. पेटीवरचा ‘लॉस’ हा लाल दिवा प्रकाश पोचत नसल्याची खूण होय. अशा वेळी राउटर पुन्हापुन्हा चालू-बंद करण्यात अर्थ नाही. तंतूच्या उघड्या टोकात डोळा लावून पाहू नये. हा प्रकाश अदृश्य असतो.

घरातील वायफाय : २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूर पोचतो, परंतु गर्दीचा. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, परंतु भिंतीत लवकर विरतो. भारतात ५ गिगाहर्ट्झमधील वापर २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावर परवानामुक्त झाला. एकाच अँटेनाचा जुना मोबाइल २.४ वर कागदोपत्री ७२ मेगाबिटने जोडला जातो व प्रत्यक्षात साधारण ४०-५० देतो. त्यावर २०० चा प्लॅन तपासणे व्यर्थ. दगडमातीच्या जाड भिंती, स्लॅबमधील सळया, टिनपत्रे, लोखंडी कपाट व पाण्याची टाकी या रिठदसारख्या गावातील घरांत आढळणाऱ्या अडचणी. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर व उघड्यावर ठेवावा. २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकी रिकामा चॅनल निवडावा. एकपट्टी रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो. त्यापेक्षा १०० मीटरपर्यंत चालणारी कॅट-५ई केबल ओढून दुसरा राउटर जोडणे सरस. कोणी व्हिडिओ चढवत असताना सर्वांचा कॉल अडखळत असेल, तर कारण राउटरमधील लांबलेली रांग असते. जिम गेटिस यांच्या २०११ मधील लेखनाने हा दोष चर्चेत आला. रांग-नियंत्रणाची सोय असलेल्या राउटरवर मर्यादा मोजलेल्या वेगाच्या सुमारे ९० टक्के ठेवतात.

मोबाइल जोडणी : ४जी-५जी राउटर टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवावा. सिग्नलशक्ती उणे ८० डीबीएमच्या आसपास चांगली, उणे ११० च्या खाली क्षीण.

उपग्रह : भूस्थिर उपग्रहामार्गे विलंब अर्ध्या सेकंदाहून अधिक.

वीजपुरवठा : भारनियमनात घरची पेटी छोट्या यूपीएसवर चालते, केंद्राकडची वीज गेल्यास उपयोग नाही.

तक्रार : ट्रायच्या २००६ च्या विनियमांनुसार कंपनीच्या जोडबिंदूपासून ग्राहकापर्यंत नोंदणीकृत वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग अपेक्षित होता. त्यांची जागा १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या विनियमांनी घेतली. ‘पर्यंत’ असे छापलेल्या प्लॅनमध्ये किती वेगाचे आश्वासन धरावे, हा मुद्दा वादाचा आहे. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून क्रमांक घ्यावा, निवारण न झाल्यास तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे, त्यानंतर दूरसंचार विभागाकडे. तक्रारीसोबत लॅन केबलवरील मोजणी, दिनांक, वेळ, सर्व्हरचे नाव व पेटीवरील प्रकाशशक्तीचे वाचन जोडावे; केवळ वायफायवरचा आकडा दिल्यास दोष घरातला असल्याचे उत्तर मिळू शकते.