प्रबलन, सकारात्मक (शालेय)

विद्यार्थ्याच्या चांगल्या वर्तनापाठोपाठ त्याला हवेसे काही देऊन ते वर्तन रुजवण्याची पद्धत. डी.एड.च्या पुस्तकांत हिला ‘धन प्रबलन’ म्हणतात. वर्गात हिचे नाव ‘शाब्बास’. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर (1904–1990) यांच्या साधक अभिसंधानाच्या उपपत्तीतून ही कल्पना शाळेत आली. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, हा शिक्षकांमध्येही आढळणारा समज चुकीचा आहे. वर्गाने वेळेत काम संपवले म्हणून गृहपाठ माफ केला, तर ते ऋण प्रबलन. कारण नकोसे काही दूर झाल्यानेही वर्तन बळावते.

महाराष्ट्रात या पद्धतीला निकड आली ती शिक्षण हक्क कायद्यामुळे (2009, 1 एप्रिल 2010 पासून लागू). त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. छडी गेली, अंगठे धरून उभे करणे गेले; त्यांच्या जागी काय करायचे, हे शिक्षकाला स्वतःच शोधावे लागले. कायदा लागू झाला त्याच वर्षी राज्यात आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाने गुणांबरोबर वर्णनात्मक नोंदी आणल्या. ‘विशेष प्रगती’च्या रकान्यात ‘गटात इतरांना मदत करतो’ असे लिहिण्याची सोय झाली, हा मोठाच बदल. मात्र चाळीस मुलांच्या पुढे एकच वाक्य उतरवले की ती नोंद निर्जीव होते.

यवतमाळ शहरालगतच्या लोहारा परिसरात किंवा जिल्ह्यातील कापूस पिकवणाऱ्या गावांत चांगल्या वर्तनाची पहिली पायरी म्हणजे शाळेत येणे. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की पटावरची मुले शेतात दिसतात. पंधरा दिवसांनी परतलेल्या मुलाला ‘इतके दिवस कुठे होतास?’ असे दारातच विचारले, तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गैरहजर राहू शकतो. ‘आलास, बरं झालं, ये, बस’ एवढे म्हणणे हे प्रबलन आहे आणि त्याला खर्च नाही. वंचित घटकांतील प्राथमिक शाळेतल्या मुलींसाठी शासनाचा दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ताही याच विचाराचा. पण तो रुपया रोजच्या रोज हातावर पडत नाही. प्रबलनाला उशीर चालत नाही, हे तत्त्व तिथे सुटते.

स्तुतीही नेमकी हवी. ‘हुशार आहेस’ यातून मुलाला काय केले ते कळत नाही; ‘न सांगता फळा पुसलास’ यातून कळते. परिपाठात रोज त्याच मॉनिटरसाठी टाळ्या वाजत असतील, तर मागच्या बाकावरच्यांसाठी तो फक्त आवाज असतो.

पद्धतीवर आक्षेपही आहेत. लेपर, ग्रीन व निसबेट यांच्या 1973 च्या प्रयोगात, चित्र काढण्याबद्दल प्रमाणपत्राचे आमिष आधी दाखवलेल्या बालकांची चित्रांतली गोडी नंतर कमी झालेली आढळली. मुळात आवडणाऱ्या कामाला बक्षीस लावू नये, असा त्याचा अर्थ घेतात. महाराष्ट्रात ताराबाई मोडक (1892–1973) यांनी बोर्डी व कोसबाड येथे रुजवलेली बालशिक्षणाची परंपरा ज्या माँटेसरी विचारातून आली, तो विचार तर शिक्षा आणि बक्षीस दोन्ही नाकारतो.

शाळांतून सर्वांत रूढ असलेले बक्षीस गॅदरिंगचे आणि प्रबलन म्हणून तेच सर्वांत दुबळे: ते जानेवारीत मिळते, आणि जुलैत वर्ग झाडल्याचे तोवर कुणाच्याच लक्षात नसते.