पिप इन्स्टॉलच्या आधीची सोळा वर्षं

'नो लॅपॅक/ब्लास रिसोर्सेस फाउंड.' २०१७ च्या आधी ज्यांनी विंडोजवर पिपने सायपाय टाकायचा प्रयत्न केला असेल, त्यांना ही ओळ पाठ असेल. आता 'पिप इन्स्टॉल सायपाय' लिहून एंटर मारला की चहा निवायच्या आत काम झालेलं असतं. मधल्या काळात नेमकं काय झालं, ते या वीकेंडला.

मॅट्रिक्सची गणितं करणारं ब्लास १९७९ चं, त्यावर उभं राहिलेलं लॅपॅक १९९२ चं. दोन्ही फोर्ट्रानमध्ये. असा कोड लोकांपर्यंत पोचवायला जॅक डोंगारा आणि एरिक ग्रॉस यांनी १९८५ मध्ये नेटलिब सुरू केलं. ईमेलमध्ये 'सेंड इंडेक्स' एवढंच लिहून पाठवायचं, पलीकडचं मशीन आपोआप यादी धाडायचं. यादीतलं हवं ते मागवलं की सोर्स कोड ईमेलनेच दारात हजर. पुढचं तुमचं तुम्ही बघा! मागवणाऱ्याकडे कंपायलर असणार आणि अडलं तर विचारायला शेजारच्या खोलीत कोणीतरी जाणकार असणार, हे गृहीतच होतं. त्या काळी ते बऱ्यापैकी खरंही असावं.

२००१ मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंट, एरिक जोन्स आणि पिअरु पीटरसन यांनी सायपाय आणलं. जुना फोर्ट्रान कोड पायथनमधून वापरायची सोय झाली आणि ज्यांनी फोर्ट्रानचं तोंड पाहिलेलं नाही अशी मंडळी आत आली. इन्स्टॉलेशनची पानं मात्र फोर्ट्रानवाल्यांसाठीच राहिली. नमपायची जुनी इन्स्टॉल फाइल वाचा. जी७७ आणि जीफोर्ट्रान हे दोन कंपायलर एकमेकांत मिसळू नका, ते जुळत नाहीत, असं तिथे बजावलेलं आहे. कुठली लायब्ररी कशाने बनलीय ते कसं ओळखायचं? 'एलडीडी' चालवा; 'लिबजी२सी' दिसलं तर जी७७, 'लिबजीफोर्ट्रान' दिसलं तर जीफोर्ट्रान. माझ्या मते हे अगदी नेमकं, प्रामाणिक लेखन आहे. कोणीतरी रात्री घालवून ते शोधलंय. पण ते कळण्यासाठी जेवढं यावं लागतं, तेवढं येणारा माणूस बहुधा इन्स्टॉल करून मोकळा झालेला असतो.

विंडोजवर तर आनंदच. अधिकृत पायथन २.७ व्हिज्युअल स्टुडिओ २००८ ने बांधलेलं, म्हणून एक्स्टेन्शनही त्यानेच बांधायची अपेक्षा. तो नसला की 'अनेबल टू फाइंड व्हीसीव्हार्सऑल डॉट बॅट'. आणि तो मिळवला तरी मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरशी गुण्यागोविंदाने नांदेल असा फुकटचा फोर्ट्रान कंपायलर कुठून आणणार? तारलं ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइनमधल्या क्रिस्टोफ गोल्के यांनी. त्यांच्या पानावर शेकडो पॅकेजच्या तयार बायनरी फायली असायच्या. ठळकपणे लिहिलेलं 'अनऑफिशियल'. सायपायचं अधिकृत पानसुद्धा लोकांना तिकडेच पाठवायचं! २०२२ मध्ये त्या प्रयोगशाळेचा निधी संपला आणि ती सेवा थांबली.

२०१६ मध्ये मी कॉलेजात असताना मेकॅनिकलच्या एका मैत्रिणीला बीमच्या कंपनांचं गणित पायथनमध्ये करायचं होतं. लॅबमधलं विंडोज ७, ३२ बिट. दोन संध्याकाळी लाल अक्षरं बघून तिने सगळं एक्सेलमध्ये केलं आणि पायथनच्या वाटेला पुन्हा गेली नाही. तिची तक्रार कुठल्याही बगलिस्टमध्ये नाही. अशी माणसं मोजली जात नाहीत. मेंटेनरला दिसतात ते टिकलेले लोक.

मग पानं सुधारली कशी? खरं तर आधी पानांवर लिहिण्यासारखं कमी झालं. २०१२ मध्ये कोंडा आलं. व्हील म्हणजे आधीच कंपाइल करून बांधलेलं पार्सल. २०१६ च्या मेनीलिनक्स प्रमाणामुळे ते बहुतेक लिनक्सवर चालू लागलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये सायपाय १.० आलं तेव्हा विंडोजची अधिकृत व्हील्स बरोबर होती. आत फोर्ट्रान होतंच, फक्त कंपाइल करायचा त्रास लाखो जणांऐवजी मोजक्या लोकांनी स्वतःकडे घेतला.

लिखाणातला बदल मला दिसतो तो नमपायच्या २०२० च्या नव्या साइटवर. तिथलं इन्स्टॉलचं पान तेव्हा नवशिक्यांना वेगळी वाट दाखवायचं आणि मुरलेल्यांना वेगळी. साधी गोष्ट, पण वाचणारा कोण आहे हे आधी ठरवून लिहिलेलं. आपल्याकडे आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प हेच दुसऱ्या बाजूने करत आलाय: छोटे धडे, स्क्रीनवरची प्रत्येक क्लिक दाखवलेली, निवेदन मराठीतही, आणि बघता बघता शेजारच्या खिडकीत स्वतः करायचं. शेजारच्या खोलीत जाणकार नसेल तर हाच काय तो शेजार.

बाकी सगळं मिटलंय असं मुळीच नाही. पायथनची ताजी आवृत्ती घ्या, जिची व्हील्स अजून बनलेली नाहीत. पिप मुकाट्याने सोर्स कोड उतरवतं, कंपाइल करायला बसतं आणि पुन्हा तीच लाल अक्षरं. आमच्या टीममध्ये यावर एक उपाय चालतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी कोरा लॅपटॉप आणि सेटअपचं पान द्यायचं, आणि तो जिथे अडेल तिथलं वाक्य त्यानेच बदलायचं. दुसऱ्या आठवड्यात विचारून उपयोग नसतो, तोवर त्याला सगळं सोपं वाटायला लागलेलं असतं.