कच्चा टाका (गोधडीकाम)

गोधडी किंवा रजई कायमची शिवण्यापूर्वी वरचे कापड, मधले थर आणि अस्तर लांब, सैल धावदोऱ्याने तात्पुरते जोडण्याची क्रिया. घरी अस्तर जमिनीवर सुरकुती न ठेवता, पण न ताणता पसरतात. त्यावर थर रचून मध्यापासून कडांकडे साधारण १० सेंमी. अंतराने टाक्यांच्या ओळी घालतात आणि पक्की शिलाई झाल्यावर त्या उसवतात. उसवायचेच असल्याने हे श्रम वाया जातात, असे मानणे चूक आहे. प्रत्येक पक्का टाका कापड किंचित पुढे ढकलतो. थर मोकळे असल्यास हे सरकणे साठत जाऊन अस्तराला चुण्या पडतात. मध्यापासून टाचत गेल्यास सैलपणा कडेला निघून जातो.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया कच्च्या टाक्यावाचून, कडेकडून आत कवंडी (तुकड्यांची गोधडी) शिवतात, असा आक्षेप घेता येईल. मात्र तेथे तुकडे शिवतानाच बसवले जातात, त्यामुळे सैलपणा पुढच्या तुकड्यात सामावतो. आधीच जोडलेल्या वरच्या कापडाला ही सोय नसते. कच्च्या टाक्याऐवजी टाचण्या लावल्यास वेळ वाचतो, पण हातशिलाईत दोरा त्यांत अडकतो. म्हणून जुन्या, विरलेल्या लुगड्यांच्या हाताने शिवायच्या गोधडीसाठी कच्चा टाकाच अधिक भरवशाचा ठरतो.