नकाशावर नाव लिहिताना

यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर टांगला, की मुले सर्वप्रथम आपले गाव शोधतात. नजर सीमारेषेवर नसते, नदीच्या निळ्या रेघेवर नसते. ती अक्षरांवर फिरत असते. गाव सापडले की नकाशा खरा, नाही सापडले तर नकाशा चुकीचा, असा त्यांचा सरळ न्याय असतो. पाठ्यपुस्तकात प्रमाण, दिशा, समोच्चरेषा यांवर पानेच्या पाने असतात. नावे कशी लिहिली जातात, कोणी लिहिली, ती नेमकी तिथेच का लिहिली, याविषयी मात्र सहसा एक ओळही नसते.

जिल्ह्याच्या उत्तर व पूर्व सीमेकडचा भाग पाहा. तेथे ‘वर्धा’ हा शब्द तीनदा लिहावा लागतो: एकदा नदीसाठी, एकदा शहरासाठी आणि एकदा शेजारच्या जिल्ह्यासाठी. अक्षरे तीच, अर्थ तीन. वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण नदीचे नाव प्रवाहाबरोबर वळत जाते आणि बहुधा तिरप्या अक्षरांत असते, शहराचे नाव एका ठिपक्याला चिकटून उभे असते, तर जिल्ह्याचे नाव मोठ्या, सुट्या अक्षरांत दूरवर पसरलेले असते. अक्षराचे वळण, आकार आणि जागा हीसुद्धा एक भाषा आहे. आपण ती न शिकताच वाचतो.

ही भाषा आपल्या भागात कशी आली हे पाहायचे, तर वर्धा नदीच्या पलीकडे हिंगणघाटला जावे लागते. तेथे २० जानेवारी १८२३ रोजी विल्यम लॅम्बटन याचा मृत्यू झाला. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माऊंट येथे पायारेषेची मोजणी सुरू करून त्याने त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे आणली होती. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ती हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. ही मोठी साखळी ७८ अंश पूर्व रेखांशाच्या आसपासने जाते आणि यवतमाळ शहराचा रेखांश सुमारे ७८ अंश ८ मिनिटे आहे. भारताचा नकाशा ज्या कण्यावर उभा राहिला, तो कणा आपल्या परिसरातूनच गेलेला आहे, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

परंतु त्रिकोणमिती ठिपका देते, नाव देत नाही. टेकडीवरचा थिओडोलाइट दूरच्या देवळाच्या कळसाचा कोन विकलेपर्यंत मोजेल. त्या गावाला काय म्हणतात ते मात्र कोणाला तरी विचारावेच लागते. मग ज्याला विचारले त्याचा उच्चार, ज्याने ऐकले त्याचा कान आणि ज्याने लिहिले त्याची लिपी, अशा तीन चाळण्यांतून नाव कागदावर उतरते.

यवतमाळचेच पाहा. ‘आईन-ए-अकबरी’त या परगण्याची नोंद ‘योत-लोहारा’ अशी आहे. लोहारा हे गाव आजही शहराच्या पश्चिमेला लागून आहे. इंग्रजी गॅझेटियरने दिलेली व्युत्पत्ती अशी: मूळ गाव ‘येवता’, आणि ‘माळ’ हे परगणा या अर्थाच्या ‘महाल’ शब्दाचे बदललेले रूप. ही व्युत्पत्ती सर्वांना पटेलच असे नाही. पण फारसी लेखणीतून एकदा आणि रोमन लेखणीतून पुन्हा एकदा नाव कसे घासले गेले, ते यावरून कळते. इंग्रजी कागदपत्रांत हे नाव वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल असे लिहिले जाई, आणि स्वातंत्र्यानंतरही बराच काळ ते तसेच राहिले. वणीचे ‘वुन’ झाले. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६४ मध्ये अमरावतीपासून तोडून जो जिल्हा केला, त्याचे पहिले नाव ‘आग्नेय वऱ्हाड’, नंतरचे ‘वुन’. १९०५ मध्ये पुसद तालुका जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले. चाळीस-एकेचाळीस वर्षांत एकाच भूभागावर तीन लेबले! जमीन तीच राहिली, नकाशावरची मोठी अक्षरे तेवढी खोडून पुन्हा लिहिली गेली.

रोमन लिपीत भारतीय नावे कशी लिहावीत याचा विचार झाला नव्हता असे नाही. विल्यम जोन्सने १७८८ मध्ये एक पद्धत मांडली होती. डब्ल्यू. डब्ल्यू. हंटरने १८७१ मध्ये स्थळनामांच्या शुद्धलेखनाची मार्गदर्शिका काढली. तरीही रुळलेली रूपे बहुतेक तशीच राहू दिली गेली. शिवाय खुणा गाळलेल्या रोमन लेखनात न आणि ण एक होतात, ल आणि ळ एक होतात. वणी, कळंब, राळेगाव, घाटंजी, आर्णी या नावांवर पोसलेल्या जिल्ह्याला ही लिपी तोकडीच पडणार.

आता जागेचा प्रश्न. हाताने नकाशा काढणाऱ्या कारागिराला ठाऊक असे, की नाव ठिपक्याच्या उजवीकडे, किंचित वर चांगले दिसते. तेथे अडचण असली तर उजवीकडे खाली, मग डावीकडे. नदीकाठचे गाव ज्या तीरावर, त्याच तीरावर त्याचे नाव. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. काठावरच्या गावाचे नाव नदी ओलांडून पलीकडे गेले, तर गावच दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यासारखे वाटते. आर्णी अरुणावतीच्या काठी आहे. तेथे गावाचे नाव आणि नदीचे नाव एकमेकांना न तुडवता बसवावे लागते. केळापूरची गंमत याहून निराळी. तालुक्याचे नाव केळापूर, पण मुख्य ठिकाण पांढरकवडा. ठिपक्याशेजारी पांढरकवडा आणि तालुक्याच्या पसरट जागेत केळापूर असे दोन वळणांचे लेखन न केल्यास बाहेरचा माणूस हमखास फसतो.

ही कारागिरांची जाण स्विस नकाशाकार एडवर्ड इमहोफ यांनी १९६२ मधील एका लेखात नियमांच्या रूपाने मांडली. १९७५ मध्ये तो इंग्रजीत आला आणि संगणकावर नकाशे काढू पाहणाऱ्यांच्या हाती पडला. मधल्या काळात, १९७२ मध्ये, इस्रायलचे पिन्हास योएली यांनी नावे बसवण्याचे काम यंत्राकडून कसे करवून घेता येईल याचा तर्क मांडला होता.

संगणकाने रेघा काढायला आधीच सुरुवात केली होती. कॅलकॉम्प कंपनीचा ढोलावर कागद गुंडाळणारा आलेखक १९५९ मधला. त्याच्यासोबत फोरट्रान भाषेतील तयार आज्ञावलींचा जो संच येई (अशा संचाला ‘लायब्ररी’ म्हणतात), त्यात अक्षरे लिहिणारी ‘सिम्बॉल’ नावाची एक आज्ञावली होती. तिला द्यायची माहिती अशी: आडवे अंतर, उभे अंतर, अक्षराची उंची, मजकूर, कोन आणि अक्षरांची संख्या. नंतर आलेल्या संचांकडे पाहिले, १९८६ चा ग्नूप्लॉट, वेसेल आणि स्मिथ यांनी १९८८ मध्ये सुरू केलेला जीएमटी, मेंदूतील विद्युत्‌लहरींचा अभ्यास करणाऱ्या जॉन हंटर यांचा २००३ चा मॅटप्लॉटलिब, तर नावे बदलली आहेत, प्रश्न तेच आहेत: कुठे, किती मोठे, काय, कोणत्या कोनात.

यात एक बारकावा आहे. ठिपक्याची जागा जमिनीच्या मापात असते, म्हणजे अक्षांश-रेखांशात. पण नाव ठिपक्यापासून किती सरकवायचे ते अंतर कागदाच्या मापात, मिलिमीटरमध्ये ठरवावे लागते. समजा, आपण ‘दारव्हा’ हे नाव ठिपक्याच्या पूर्वेला ०·०२ अंशावर लिहिले. जिल्ह्याच्या नकाशात ते ठीक दिसेल. तोच प्रोग्रॅम तालुक्याच्या नकाशासाठी वापरला, तर नाव ठिपक्यापासून लांब, जवळजवळ दोन किलोमीटरवरच्या शेतात जाऊन पडेल. म्हणून मॅटप्लॉटलिबमध्ये ‘अ‍ॅनोटेट’ ही आज्ञा दोन्ही मापे स्वतंत्रपणे घेते: खूण कशाची ते जमिनीवरून, अक्षरे किती दूर ते कागदावरून. नवशिके इथेच अडखळतात. दोन सहनिर्देशक पद्धती एकाच वेळी वापरात असू शकतात, हे दहावीच्या विद्यार्थ्याला सांगायला यापेक्षा सोपे उदाहरण मला सुचत नाही.

इमहोफ यांचे नियम यंत्राला शिकवणे मात्र भलतेच कठीण निघाले. जिल्ह्यात १६ तालुके आहेत. प्रत्येक नावाला ठिपक्याभोवती चारच जागा दिल्या, तरी मांडण्या होतात ४ चा सोळावा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. सेकंदाला दहा लाख मांडण्या तपासणारे यंत्र हे काम सुमारे ७२ मिनिटांत उरकेल. आता १६ ऐवजी ६० गावे घ्या. तेच यंत्र विश्वाच्या वयाच्या अब्जावधी पटींनी काळ घेईल. जिल्ह्यातील गावे तर दोन हजारांच्या घरात. अर्थात सगळ्या मांडण्या तपासण्याची गरज नसते, चतुर युक्त्या आहेत. पण १९९१ मध्ये फोरमान आणि वॅग्नर यांनी सिद्ध केले, की हा प्रश्न गणितातील त्या कुप्रसिद्ध गटात मोडतो, ज्यातील प्रश्नांना नेमके आणि झटपट उत्तर देणारी सार्वत्रिक रीत कोणालाच सापडलेली नाही. एखादा अनुभवी नकाशाकार नजरेने जे करतो, त्याला यंत्र अंदाजानेच भिडते.

राहिला लिपीचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. १९६७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतील अ‍ॅलन हर्शी यांनी आलेखकाच्या लेखणीसाठी अक्षरांचे संच तयार केले. प्रत्येक अक्षर म्हणजे बिंदू जोडणाऱ्या सरळ रेघा. त्यांत रोमन, ग्रीक, रशियन होती, जपानीसुद्धा होती. देवनागरी नव्हती. पुढे भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणसंकेत ठरले, पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्र रुजवले, आणि १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली. प्रश्न सुटला असे वाटले. पण युनिकोड फक्त वर्णांचा क्रम साठवतो. जोडाक्षर घडवणे, वेलांटी योग्य जागी नेणे, रफार डोक्यावर चढवणे हे काम वेगळ्या आज्ञावलीचे असते. मॅटप्लॉटलिबच्या अनेक वर्षे वापरात असलेल्या आवृत्त्या ते करत नसत. रोमन लिपीप्रमाणे एकामागून एक वर्ण ठेवत जात.

याचा परिणाम आपल्याच १६ तालुक्यांवर तपासून पाहा. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, नेर, कळंब, केळापूर, घाटंजी, महागाव, मारेगाव, राळेगाव, बाभूळगाव, झरी जामणी ही १३ नावे बरीचशी नीट उमटतात, कारण त्यांत जोडाक्षर नाही आणि ऱ्हस्व वेलांटीही नाही. उरली तीन. ‘आर्णी’चा रफार चढत नाही, र पाय मोडून खालीच उभा राहतो. ‘दारव्हा’तला व ह पासून फुटून निघतो. आणि ‘दिग्रस’ची दैना सर्वांत मोठी: ऱ्हस्व वेलांटी साठवणीत द नंतर येते, ती तशीच द नंतर काढली जाते आणि शेजारच्या ग ला जाऊन चिकटते. ‘दगि’ असे काहीतरी वाचले जाते. प्रोग्रॅम कोणतीही चूक दाखवत नाही. त्याच्या लेखी सारे ठीक आहे. मराठी वाचणाऱ्या माणसाने नकाशा पाहिला नाही, तर तो तसाच छापला जातो.

उपाय आहेत. अक्षरे घडवणारे हार्फबझ नावाचे एक मुक्त साधन आहे (‘हर्फ’ म्हणजे फारसीत अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे उघडे). ते वापरणाऱ्या प्रणालीतून मजकूर नेला, की दिग्रस दिग्रस होते. चित्र एसव्हीजी प्रकारात साठवून त्यातला मजकूर रेघांत न बदलता मजकूर म्हणूनच ठेवला, तर ब्राउझर तो शुद्ध दाखवतो. आणि काहीच जमले नाही, तर नावे पारदर्शक कागदावर हाताने लिहून नकाशावर ठेवावीत. मी याला कमीपणा मानत नाही.

लिपी सुधारली तरी एक गोष्ट उरतेच. प्रोग्रॅम नावे घेतो ती यादीतून, आणि यादी बहुधा महसुली गावांची असते. विदर्भातील यादीत ‘रिठी’ गावे असतात. वस्ती उठून गेली, नाव कागदोपत्री राहिले. यंत्र अशा नावाला ठिपका देते, अक्षरे देते, त्यासाठी शेजारचे नाव सरकवतेही. उलट केळापूर, मारेगाव, झरी जामणी, घाटंजी, राळेगाव या भागांत कोलामांचे पोड आहेत. तेथे माणसे राहतात, चुली पेटतात, मुले शाळेत येतात; पण पोडाची गणना बहुधा जवळच्या महसुली गावात होते, आणि यादीत त्याला वेगळी ओळ नसते. ओळ नाही म्हणून ठिपका नाही, ठिपका नाही म्हणून नाव नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मालिकेत यवतमाळ शहराचा पत्रक-क्रमांक ५५ एल/३ आहे. एखाद्या शाळेने आपल्या परिसराचे असे पत्रक मिळवावे, मुलांना त्यावर नावे वाचायला बसवावे आणि शेजारी एक कोरा कागद ठेवावा. पोडावरून येणाऱ्या मुलाला आपल्या वस्तीचे नाव तेथे लिहायला सांगावे. ते कोलामीत कसे म्हणतात, मराठीत कसे लिहायचे, ठिपक्याच्या कोणत्या बाजूला, केवढ्या अक्षरांत, हे त्यानेच ठरवावे.